आत वळलेले काटे

मी एक जुना लोखंडी गळपट्टा आहे, आणि अजून कामावर आहे. मित्रांनो, तुमच्या अंगावर काटा येतो तो घटकाभर. माझ्या अंगावर चोवीस काटे आहेत आणि ते जन्मापासून उभेच आहेत. बारा पाती, प्रत्येक पात्यावर बोटभर लांबीचे दोन काटे, पाती एकमेकांत गुंतवणाऱ्या कड्या, आणि शेवटी एक जाड खीळ. खीळ काढली की मी उघडतो, घातली की मिटतो. मेंढ्यांचा कळप गावातून जाऊ लागला की शाळेतली मुले मला पाहून दोन पावले मागे सरतात आणि विचारतात, हे एवढे काटे कुणाला टोचायला? आज ते सांगतो. सांगताना काही गोष्टी वाईट येतील. त्या वगळून माझी हकिगत सांगता येत नाही.

माझा जन्म झाला त्या सकाळी लोहाराच्या दुकानात ऐरणीशेजारी एक मेलेला कुत्रा पडला होता. लोहाराच्या धाकट्या बहिणीने तो डोंगरावरून खांद्यावर टाकून आणला होता. तिचा मेंढ्यांचा कळप होता आणि ती एकटीच तो राखायची. लोहाराच्या मुलीची ती आत्या, म्हणून सगळे गाव तिला आत्याच म्हणे. तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसेसुद्धा. पहाटे लांडगे आले होते. सात मेंढ्या फाडून गेले होते. कुत्रा पळाला नव्हता.

"दादा, बघ," आत्या म्हणाली. "अंगावर एक ओरखडा नाही. फक्त गळा."

लोहार तसा तोंडाचा मोठा. त्याने साधी बिजागरी केली तरी ती दरवाजापेक्षा मोठी असल्यासारखा सांगत सुटे. पण त्या दिवशी तो काही बोलला नाही. त्याने सुतळी घेतली, मेलेल्या कुत्र्याच्या मानेभोवती फिरवून माप घेतले, आणि जुन्या ट्रकच्या स्प्रिंगची पाती भट्टीत सारली. दिवसभर भाता चालला. संध्याकाळी मी पाण्यात पडून फसफसलो आणि माझा लाल रंग काळा झाला. माझ्या आतल्या अंगाला त्याने लोकरीची जाड गादी शिवली. लांडगा नेहमी गळा धरतो. त्याने गळा धरला की त्याच्या तोंडात मी यावे, एवढेच माझे काम.

कुत्रा मात्र साधा चालणार नव्हता. त्या डोंगरात पूर्वी एक जात होती. कानापासून शेपटीपर्यंत केसांच्या दोरखंडासारख्या जटा, इतक्या दाट की दात आत शिरता शिरत नाहीत. मागच्या पायांना चाराऐवजी सहा बोटे, बर्फात रोवून उभे राहायला. एकेकाळी घरटी एक असे. मग बंदुका आल्या, विषाच्या गोळ्या आल्या, लांडगे संपले, आणि लांडगे संपल्यावर हा एवढा खादाड कुत्रा कुणाला परवडेना. वीस-पंचवीस वर्षांत तो दिसेनासा झाला. पुढे डोंगरापलीकडून लांडगे परत आले. कुत्रे परत आले नाहीत. आत्या चार दिवस चालत पलीकडच्या खोऱ्यात गेली. तिथे एका म्हाताऱ्या मेंढपाळाने त्या जातीची एक जोडी हट्टाने सांभाळली होती. त्यांचे पिल्लू तिने शालीत गुंडाळून आणले. त्याचे नाव तिने जट्या ठेवले.

जट्या कोकरांत वाढला. त्यांच्याबरोबर झोपला, त्यांच्यासारखा पावसात तोंड खाली घालून उभा राहायला शिकला. आपण कुत्रा आहोत हे त्याला कुणी सांगितलेच नसावे. पण सांगायची गरज पडली नाही. दीड वर्षाचा झाल्यावर आत्याने मला त्याच्या गळ्यात घातले. त्याने दोनदा मान झटकली, एका एडक्याला चुकून टोचले, शरमल्यासारखा बाजूला जाऊन बसला. मग विसरला. चांगला पट्टा विसरला जातो, मित्रांनो. आमच्यात हीच मोठी शाबासकी समजतात.

पहिली लढाई भर दुपारी झाली. धुके इतके दाट होते की मेंढ्यांना स्वतःचे पाय दिसत नव्हते. तीन लांडगे आले. एक पुढे येऊन रेंगाळला, लंगडल्याचे सोंग करत, म्हणजे कुत्रा त्याच्यामागे जावा आणि कळप उघडा पडावा. जट्या गेला नाही. तो मेंढ्यांना पाठ लावून उभा राहिला आणि त्याच्या नरड्यातून जी गुरगुर निघाली तिने माझ्या कड्या खुळखुळल्या. मग बाकीचे दोघे दोन बाजूंनी आले. एकाने त्याची मांडी धरली, त्याच्या तोंडात जटांचा बोळा आला. दुसऱ्याने गळा धरला. म्हणजे मला धरले.

लोखंडाला चव कळत नाही, पण ऊब कळते. त्या लांडग्याचा जबडा पूर्ण जोराने मिटला आणि माझे चार काटे त्याच्या टाळूत घुसले. त्याला सोडता येईना, धरता येईना. तो मागे हिसके देत राहिला, टाळू फाटत गेली, आणि जट्याने त्याच वेळी त्याचा पुढचा पाय धरून मोडला. तो आवाज वाळकी फांदी मोडल्यासारखा होता. शेवटी एक काटा त्याच्या तोंडातच तुटून राहिला तेव्हा कुठे तो सुटला आणि रक्त ओकत धुक्यात गेला. बाकीचे दोघे त्याच्यामागे गेले. आत्या काठी घेऊन धावत पोहोचली तेव्हा मेंढ्या मोजून सगळ्या होत्या, आणि जट्या आपल्या मांडीतून वाहणारे रक्त चाटत बसला होता.

मग माझे दिवस आले. खालून माणसे मला बघायला येऊ लागली. लोहाराची छाती तर भात्यासारखी फुगली. येणाऱ्या प्रत्येकाला तो डोंगरावर घेऊन जाई, जट्याला बसवी, आणि माझे एकेक पाते दाखवत, ते कसे तापवले, कसे वळवले, हे पहिल्यापासून सांगे. सांगता सांगता लांडगे तिनाचे सहा झाले आणि पुढे नऊ. कुत्र्याने काय केले ते शेवटी आणि थोडक्यात यायचे. आत्या हसून म्हणे, दादाचे ऐकले तर लांडग्यांशी पट्टाच लढला, कुत्रा नुसता त्याला घेऊन उभा होता.

तिसऱ्या वर्षी एका एडक्याने आत्याला उतारावर धडक दिली आणि तिचा पाय मोडला. तिला खाली लोहाराच्या घरी आणून निजवले. कळप शेजारच्या मेंढपाळाच्या कळपात मिसळला, जट्या त्याच्याबरोबर राहिला. नेमक्या त्याच आठवड्यात गावाबाहेरच्या मैदानात एक मोठा तंबू लागला. पाटी होती: जगातील दुर्मिळ कुत्र्यांचे प्रदर्शन.

तंबूवाला मऊ बोलणारा माणूस होता. जाती, वंश, रक्त असे शब्द तो जपून उच्चारी, जणू काचेची भांडी. तो लोहाराच्या दुकानात आला, भिंतीवरचा माझा फोटो त्याने पाहिला आणि खुर्ची ओढून बसला. असा कुत्रा जगात पन्नाससुद्धा उरला नसेल, असे तो म्हणाला. असा पट्टा तर आपण पाहिलाच नाही, असेही म्हणाला. तीन दिवस द्या. लोक बघतील, पट्ट्याखाली तुमचे नाव लिहू. लोहाराने म्हटले, कुत्रा बहिणीचा आहे. तंबूवाला म्हणाला, "पट्टा तर तुमचा आहे ना?"

तेवढ्यावर लोहार विरघळला. पैशाचे बोलणे झाले नाही. तो पैशाने विकला जाणारा माणूसच नव्हता. त्याला फक्त शहरातल्या लोकांनी आपले काम बघावे असे वाटत होते. आत खाटेवर पडलेल्या बहिणीला न विचारता त्याने जट्याला शेजारच्या मेंढपाळाकडून तंबूत नेले. ती नाही म्हणेल हे त्याला ठाऊक होते. तिने जट्याची चौकशी केली की तो सांगे, मजेत आहे, कळपाबरोबर आहे.

तंबूत पिंजऱ्यांची रांग होती. पहिल्यात एक बिनकेसांची कुत्री, तिचे अंग तव्यासारखे गरम. लोक तिला हात लावून किंचाळत आणि पुन्हा लावत. पुढच्यात दुभंगलेल्या नाकाचा एक, दोन नाकांचा म्हणून त्याची जाहिरात. एक छोटा, कड्यांवर चढून घरट्यातले पक्षी पकडायला पूर्वी पाळत असत त्या जातीचा. तो मान मागे वाकवून डोके थेट पाठीला टेकवू शके. त्याला दिवसातून चाळीस वेळा तसे करायला लावत, आणि आता त्याची मान आपोआपच वाकत असे, कुणी बघत नसतानाही. एक होता तो भुंकत नसे, गात असे, लांबलचक, वरखाली होणाऱ्या सुरात. शेवटच्या पिंजऱ्यात एक खरूज लागलेला कोल्हा आणि त्याच्या पलीकडे एक लांडगी. तिच्या दातांपैकी दोन तुटलेले होते. गज चावून तुटले असावेत.

पहिले दोन दिवस ठीक गेले. माझ्याखाली लोहाराचे नाव खरोखरच लिहिले होते, आणि तो धुतलेला सदरा घालून तिथे उभा राही. तिसऱ्या दिवशी दुपारी तंबूवाला म्हणाला, आता मागच्या बाजूला या, खास पाहुण्यांसाठी खेळ आहे. मागे पाण्याचा एक कोरडा हौद होता, पुरुषभर खोल. त्याच्या कठड्याभोवती साठ-सत्तर माणसे दाटीवाटीने उभी होती. लोहाराला पहिल्या रांगेत जागा दिली. एका बाजूने लांडगी सोडली, दुसऱ्या बाजूने जट्याला.

खेळ काय आहे ते लोहाराला तेव्हा कळले. पण मित्रांनो, मी खोटे सांगणार नाही: तो लगेच ओरडला नाही. त्याच्या मनात आले की आता सगळ्यांना दिसेल पट्टा काय करतो. हे त्याने पुढे स्वतःच आपल्या बहिणीला सांगितले, म्हणून मला ठाऊक.

आणि काहीच झाले नाही. जट्याने हौदाला एक फेरी मारली. चारही कोपरे हुंगले. तो मेंढ्या शोधत होता. मेंढ्या नव्हत्या. मग त्याने लांडगीकडे पाहिले, ती कोपऱ्यात अंग चोरून उभी होती, आणि तो मधोमध खाली बसला. राखायला काही नाही तर भांडायचे कशासाठी, एवढी साधी त्याची समजूत. लांडगीचीही तीच असावी. दोघे एकमेकांकडे न बघता बसून राहिले. लोक शिट्ट्या मारू लागले. कुणी बाटली फेकली, ती जट्याच्या पाठीवर फुटली.

तंबूवाला दोन माणसांना घेऊन शिडीने खाली उतरला. त्यांनी जट्याला काठ्यांनी भिंतीला दाबून धरले. तंबूवाल्याने माझी खीळ काढली, मला उघडले, आतले बाहेर केले आणि पुन्हा जट्याच्या मानेवर मिटले. लोकरीची गादी बाहेर. काटे आत.

"दुखल्याशिवाय राग येत नाही," तो लोकांना समजावून सांगावे तसे म्हणाला. मग त्याने माझ्या कडीत साखळी अडकवली, वर चढला, आणि ओढली.

ज्या गळ्यासाठी मला केले होते त्या गळ्यात मी घुसलो. काटे जटांतून गेले, कातडीतून गेले, मांसात गेले. मला थांबता येईना. साखळी ओढली की मी आवळत होतो, सैल सोडली की काटे आतच राहत होते. जट्या ओरडला, तसे ओरडताना मी त्याला कधी ऐकले नव्हते, लांडग्यांच्या तोंडातसुद्धा नाही. दुखणे कुठून येते ते त्याला कळेना. समोर एकच जीव होता. तो तिच्यावर तुटून पडला.

तिलाही मग मार्ग उरला नाही. तिने त्याचा पुढचा पाय हाडापर्यंत चावला. त्याने तिचा कान मुळापासून उपटला. दोघे उलटेपालटे होत हौदाच्या भिंतींवर आदळत होते आणि दर हिसक्याला मी आणखी खोल जात होतो. वर माणसे नाचत होती. लोहार ओरडत होता, पट्टा उलटा आहे, उलटा घातलाय तो. शेजारच्याला वाटले हा खेळात रंगलाय; त्याने हसून लोहाराच्या पाठीवर थाप मारली.

तेव्हा लोहाराने कठड्यावरून उडी टाकली.

तो जट्याच्या पाठीवर पडला, त्याच्या मानेला मिठी मारली आणि माझी खीळ चाचपू लागला. साखळीच्या ओढीने खीळ वाकली होती, रक्ताने निसरडी झाली होती. जट्याने मान वळवून त्याचा उजवा हात धरला. मालक की परका हे कळण्यापलीकडे तो गेला होता. हाडे चावल्याचा आवाज माझ्यापासून वीतभर अंतरावर होत होता. लोहाराने हात सोडवून घेतला नाही. तो हात त्याने जट्याच्या तोंडात तसाच राहू दिला आणि डाव्या हाताने खीळ हलवत राहिला, आणि हळू आवाजात म्हणत राहिला, "माहीत आहे, माहीत आहे मला." शेवटी खीळ निघाली. एकेक काटा बाहेर आला. मी हौदाच्या तळाशी पडलो. जट्याने थोड्या वेळाने हात सोडला आणि त्याच्याच मांडीवर डोके टेकले.

या झटापटीत लांडगीने दोघांच्या अंगावर पाय देऊन उडी घेतली आणि ती कठड्याबाहेर गेली. लोक किंकाळ्या मारत पांगले. मग ती एकटी आहे आणि लंगडते आहे हे त्यांच्या लक्षात आले. तेच लोक तंबूचे खुंटे उपटून परत आले. मी तळाशी पडून ते ऐकले. पिंजऱ्यांच्या रांगेजवळ तिला गाठले होते. खुंट्यांचे आवाज बराच वेळ येत होते, सुरुवातीला तिच्या आवाजासकट, मग नुसतेच. सगळे पिंजरे गप्प होते. शेवटी तो न भुंकणारा कुत्रा गाऊ लागला.

दुसऱ्या दिवशी मैदान रिकामे होते. पोलीस आले तेव्हा तिथे फक्त दोऱ्यांच्या खुणा राहिल्या होत्या. त्या पिंजऱ्यांतल्या कुत्र्यांचे पुढे काय झाले ते मला आजवर कळलेले नाही.

लोहाराच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. अंगठा आणि करंगळी उरली. दवाखान्यातून आल्यावर तो बहिणीच्या खाटेशी जाऊन बसला. आत्याने जट्याची मान पाहिली होती. माझ्यावरचे रक्त पाहिले होते आणि ते कोणत्या बाजूला आहे हेही पाहिले होते.

"उलटा कुणी घातला?" तिने विचारले.

"तंबूवाल्याने," लोहार म्हणाला. मग म्हणाला, "नेला मी."

 काठी टेकत आत्या उठली, पाणी उकळले, आणि जट्याची मान धुवायला बसली. चोवीसातले तेवीस काटे होते. तेवीस जखमा होत्या. ती एकेकीला बोट लावून धूत होती. बर्फ पडून वितळेपर्यंत ती भावाशी कामापलीकडे बोलली नाही.

जखमा भरल्या. तिथे पुन्हा केस आले नाहीत, मानेभोवती उघड्या कातडीचे एक कडे राहिले. वसंतात कळप वर न्यायची वेळ आली तेव्हा आत्याने मला घासून स्वच्छ केले आणि सरळ बाजूने हातात धरून जट्याजवळ गेली. माझ्या कड्या वाजल्या. जट्या पळाला नाही, गुरगुरला नाही. एवढा मोठा कुत्रा, उभ्या जागी मुतला, आणि थरथरत तसाच उभा राहिला, कारण बोलावणारी आत्या होती.

तिने मला पाठीमागे लपवले. त्या दिवसापासून मी डोंगरावरच्या खोपीत दाराजवळच्या खुंटीला टांगलेला राहिलो. जट्या उघड्या गळ्याने कळपाबरोबर जाऊ लागला. माझ्या काट्यांवर गंज चढला, गादीत उंदरांनी पिल्ले घातली. दारातून मला कळप जाताना दिसे आणि येताना दिसे. दोन हिवाळे काही झाले नाही. त्या काळात आत्याने एकदा जट्याला पलीकडच्या खोऱ्यात नेऊन आणले, त्याच्या जातीची एक कुत्री तिथे होती म्हणून.

तिसऱ्या हिवाळ्यात, उजाडल्यावर, मेंढ्या बाहेर काढायच्या वेळेला पाच लांडगे आले. भुकेने त्यांच्या बरगड्या वर आल्या होत्या. माणूस दिसत असूनही ते थांबले नाहीत. जट्या मेंढवाड्याच्या तोंडाशी उभा होता. पहिल्याला त्याने मानेला धरून भिंतीवर आपटले, दुसऱ्याचे पोट फाडले. त्याचे वय झाले होते, चावलेला पाय थंडीत आखडत होता, तरी तो हलला नाही. मग तिसऱ्याने बाजूने येऊन त्याचा गळा धरला, आणि त्या ठिकाणी जटाही नव्हत्या आणि मीही नव्हतो.

आत्याचा हात दाराशी गेला. काठी शोधत होता, मी सापडलो. तिने मला मुठीभोवती गुंडाळले. माझ्या कड्यांची टोके तिच्या तळहातात रुतली, तिने ते जाणलेही नाही. ती धावली आणि त्या लांडग्याच्या डोक्यावर मला घातले. एकदा, दोनदा, डोळ्यावर, कानामागे, पुन्हा डोळ्यावर. तो जट्याला सोडेना. ती घालत राहिली. माझे दोन काटे त्याच्या कवटीत मोडले. तेव्हा त्याचा जबडा सुटला आणि तो जट्याच्या अंगावरच मेला. उरलेले एक मेंढी ओढत निघून गेले.

जट्याचा श्वास आता तोंडातून नव्हता, गळ्यातून होता. आत्याने दोन्ही हातांनी ते भोक दाबून धरले. तिच्या बोटांमधून बुडबुडे येत होते, मग येईनासे झाले. लांडगा शेजारीच पडला होता. दोघांचे ओठ मागे सरलेले, दात उघडे. रक्ताने केस चिकटल्यावर कुणाचे तोंड कुणाचे हे क्षणभर मलाही ओळखता येईना. एकाच आजीची नातवंडे असावीत तसे ते दिसत होते.

लोहार धापा टाकत वर आला. जमीन गोठली होती. त्याने पहार डाव्या हातात आणि उजव्याच्या दोन बोटांत धरून दिवसभर खड्डा खणला. माती लोटून झाल्यावर तो म्हणाला, "पट्टा असता तर वाचला असता."

"पट्टा होता, दादा," आत्या म्हणाली. "तू तो घालवलास. हे मला एकदा बोलायचं होतं. बोलले. आता पुन्हा हा विषय काढणार नाही."

तिने शब्द पाळला. मला भावाच्या हातात दिले आणि म्हणाली, पलीकडच्या कुत्रीला चार पिल्ले झाली आहेत. एक मादी अगदी बापावर गेली आहे. वर्षाची झाली की आणेन.

लोहाराला आता घण उचलता येत नव्हता. दुकान त्याची मुलगी चालवत होती. तिने माझा गंज उतरवला, वाकलेली पाती सरळ केली, मोडलेल्या तीन काट्यांच्या जागी नवे काटे बसवले. गादी मात्र लोहाराने स्वतः शिवली. डावा हात आणि दोन बोटे. एका टाक्याला जितका वेळ लागे तितक्यात तो पूर्वी घोड्याचा नाल ठोकत असे. दीड महिना लागला. या सगळ्या काळात तो माझ्याविषयी कुणाशी एक शब्द बोलला नाही.

आत्या ती तरणी कुत्री घेऊन आली. दोरखंडासारख्या जटा, मागच्या पायांना सहा बोटे, आणि मान एका बाजूला कलती करून बघायची जट्याचीच सवय. लोहाराने मला हातात घेतले. आत्या मला घ्यायला पुढे झाली तेव्हा तो म्हणाला, "तीन दिवस थांब."

आणि त्याने मला स्वतःच्या गळ्यात घातले.

तसाच तो दुकानात बसला. तसाच जेवला, तसाच आडवा झाला. बाजारात गेला तेव्हा लोक हसून लोटपोट झाले. कुणी विचारले, दादा, लांडगे मागे लागले का? गावात सर्वांत जास्त बोलणारा तो माणूस, पण उत्तर न देता भाजी घेऊन परत आला. संध्याकाळी मुलीने खीळ काढली तेव्हा त्याच्या जबड्याखाली एक लाल वळ होता. एका कडीची धार गादीबाहेर येत होती. मुलीने ती कानशीने घासली. दुसऱ्या दिवशी वळ मानेमागे आला. तिथली शिवण उसवून पुन्हा घातली. तिसऱ्या दिवशी खीळ काढली तेव्हा मानेवर काही नव्हते. फक्त घाम.

मित्रांनो, आम्ही वस्तू. आमची कोणती बाजू आत आणि कोणती बाहेर हे आम्हाला ठरवता येत नाही. ते तुमच्या हातात असते. जनावरालाही ते सांगता येत नाही. म्हणून कुणाच्या गळ्यात काही अडकवायची वेळ आली, दोरी असो, साखळी असो की नुसती हौस, तर आधी ती आपल्या गळ्यात वागवून बघा. लोक हसतील. हसू द्या.

लोहार गुडघ्यांवर बसला. मला उघडून त्याने जमिनीवर ठेवले आणि हात मागे घेतले. कुत्री जवळ आली, माझी लोकर हुंगली, लोहाराच्या मानेचा घाम हुंगला. आत्याने तिला बोलावले नाही. थोडा वेळ विचार करून त्या कुत्रीने आपण होऊन मान पुढे केली.